भजनी मंडळाच्या यादीत बाईचं नाव

अखंड हरिनाम सप्ताहाची कुठलीही पत्रिका हातात घ्या. वर विठ्ठल-रखुमाई, शेजारी ज्ञानोबा-तुकोबा, मग सात दिवसांचे कीर्तनकार फोटोंसह. त्याखाली बारीक अक्षरांत गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, पेटीवाले, काकडा कोण घेणार, हरिपाठ कोण घेणार, काल्याचं कीर्तन कोणाचं, कोणत्या दिवशीची पंगत कोणाकडून. मंडपवाल्याचं आणि साउंडवाल्याचंही नाव असतं. आणि अगदी तळाला एक ओळ : समस्त ग्रामस्थ, तरुण मंडळ व महिला भजनी मंडळ. ज्या बाया सात दिवस पहाटे उठून काकड्याला बसतात, दुपारी गाथा भजन करतात, संध्याकाळी हरिपाठाला उभ्या राहतात आणि मधल्या वेळात पंगतीच्या पोळ्या लाटतात, त्यांच्यातल्या एकीचंही नाव बहुतेक पत्रिकांवर सापडत नाही.

अपवाद आहेत आणि ते वाढताहेत. मुली कीर्तनाला उभ्या राहतात, त्यांच्या कीर्तनाला मंडप पुरत नाही. मुलींना गायन आणि मृदंग शिकवणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण कीर्तनकार बाई बाहेरगावाहून येते, दोन तास उभी राहते, नारळ-शाल आणि बिदागी घेऊन जाते. पाहुणी म्हणून तिला मान देणं गावाला जड जात नाही. जड जातं ते गावातल्याच सुनेला मंडळाची सभासद करून घेणं.

माझं म्हणणं या सभासदत्वापुरतंच आहे. बायकांनी गाऊ नये असं आज उघडपणे कोणी म्हणत नाही. त्या गातातच, देवळात, ओवरीत, वारीत, घरच्या सत्यनारायणाला. प्रश्न असा आहे की ज्याला आपण ‘गावचं भजनी मंडळ’ म्हणतो, त्याच्या वहीत त्यांचं नाव का नाही.

मंडळाचा सभासद असणं म्हणजे नुसतं टाळ वाजवणं नव्हे. कोणाच्या घरी जागराला जायचं, दहाव्याच्या भजनाला किती जणांनी जायचं, पहिला अभंग कोणी लावायचा, गवळण कोणाला द्यायची हे सभासद ठरवतात. मिळालेल्या पैशांतून नवे टाळ घ्यायचे की पखवाजाला नवी पुडी घालायची, तेही तेच ठरवतात. साहित्याच्या पेटीची किल्ली कोणाकडे राहणार हा गावात लहान प्रश्न नसतो, कारण ज्याच्या घरी पखवाज असतो त्याचीच पोरं त्यावर हात बसवतात. पुढचा मृदंगवादक कोण होणार हे अशा किल्लीवरून ठरतं. म्हणून बाईला गायला बसवून मंडळाबाहेर ठेवणं म्हणजे तिचा आवाज घ्यायचा आणि तिचं मत घ्यायचं नाही.

वारीतल्या दिंडीची रचना बघा. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मग विणेकरी, आणि त्याच्या मागे डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. अनेक दिंड्यांत बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त दिसते. पण अभंग विणेकरी लावतो, त्याच्या खुणेवर दिंडी चालते आणि थांबते, लोक त्याच्या पाया पडतात. मागच्या बाया तोच अभंग म्हणत चालतात, पण पुढच्या टाळांचा गजर त्यांच्यापर्यंत अर्धाच पोचतो. मग त्या आपापलं वेगळं गाणं धरतात, ओव्या म्हणतात, फुगडी घालतात. हे दृश्य लोभस आहे आणि आपण त्याचे फोटो काढतो. पण या मागच्या जागेचा निर्णय त्यांना विचारून झालेला नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं : ही संप्रदायाची परंपरा आहे. मग परंपरेलाच विचारू. सुमारे सातशे वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी जनाबाई सांगून गेली :

डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी ॥
हाती घेईन टाळ खांद्यावरी वीणा । आता मज मना कोण करी ॥

टाळ हातात आणि वीणा खांद्यावर. दोन्हींचं नाव घेऊन तिने सांगितलं आहे, आणि मना करणाऱ्याला आव्हान दिलं आहे. हा अभंग पुरुषांची मंडळं मोठ्या प्रेमाने गातात. विणेकरी बुवा डोळे मिटून हीच ओळ आळवतात, समोर बसलेल्या बाया माना डोलावतात, आणि वीणा बुवांच्या खांद्यावरून हलत नाही. जनाबाई परंपरेत बसत नसेल तर वारकरी परंपरा म्हणायचं तरी कशाला?

त्याच अभंगाच्या शेवटी जनाबाई स्वतःला वेसवा, म्हणजे वेश्या, म्हणवून घेते. तिला ठाऊक होतं की वाद्य घेऊन चारचौघांत उभ्या राहिलेल्या बाईला लोक काय म्हणतात. माझ्या मते या सगळ्या मनाईचं मूळ इथे आहे. चारचौघांत गाणारी, वाजवणारी, पुरुषांसोबत रात्र जागवणारी बाई म्हणजे ‘तसली’, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेलेली आहे. गोव्यात आणि महाराष्ट्रात ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या संगीत जपलं, त्यांच्याच घराण्यांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर पुढे आल्या. त्यांच्या गाण्याला समाजाने मान दिला, पण त्यांच्या जन्माबद्दल कुजबुज करणं सोडलं नाही. संगीत रंगभूमीवर कुलीन घरच्या बाईने पाय ठेवायचा नाही म्हणून पुरुष नऊवारी नेसून नायिका झाले. नंतर बाया रंगभूमीवर आल्या आणि कोणाचाही धर्म बुडाला नाही. भजनी मंडळात मात्र ती जुनी भीती आजही देवाचं नाव घेऊन बसली आहे.

दुसरं कारण सोवळ्याचं. पाळीच्या दिवसांत बाईने वीणेला हात लावला तर काय, हा प्रश्न बैठकीत कोणी मोठ्याने विचारत नाही; पण सगळ्यांच्या मनात असतो. याचं उत्तर चोखोबांच्या सोयराबाईने देऊन ठेवलं आहे : ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥’ जातीने बाहेर ठेवलेल्या आणि बाई म्हणून दुप्पट बाहेर ठेवलेल्या स्त्रीने विचारलेला हा प्रश्न आहे. त्याला शास्त्रार्थाने उत्तर देणारा मला अजून भेटलेला नाही. पुढे सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईने लिहिलं, ‘स्त्रियेचे शरीर पराधीन देह । न चाले उपाय विरक्तीचा ॥’ कीर्तनाच्या ओढीपायी तिने नवऱ्याचा मार खाल्ला होता. आपण त्या तिघींनाही संत म्हणतो आणि त्यांनी जे मागितलं ते बाजूला ठेवतो.

माझ्या आत्याबद्दल इथे सांगितलंच पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात तिचं आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत, पण गाथ्यातले शेकडो अभंग तिला चालीसकट पाठ होते. देवळात भजन सुरू झालं की ती खांबाला टेकून बायांच्या बाजूला बसायची. बुवांना अभंगाचं पुढचं चरण आठवलं नाही की ते किंचित मान वळवायचे, आत्या हळूच चरण सांगायची आणि भजन पुढे जायचं. गावातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. भजनाआधी मृदंगाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, लावायची कणीकही तिच्याच घरून यायची. ती सैल झाली तर धूम बोलत नाही आणि घट्ट झाली तर सुटून पडते, म्हणून मृदंगवाले तिच्याच हातची मागायचे. कणीक तिने मळायची, चरण तिने सांगायचं, आणि मंडळाच्या वहीत तिचं नाव कधीच लागलं नाही. एकदा तिने थोरल्या भावाला विचारलं होतं, “दादा, मी वही-टाळ घेऊन पुढं बसले तर चालंल का?” दादा म्हणाले, “तुला येतं गं सगळं, पण लोक काय म्हणतील?” तिने पुन्हा विचारलं नाही. ते दादा वाईट माणूस नव्हते. बहिणीवर त्यांचा जीव होता. म्हणूनच हा प्रश्न कोणाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, असं मला वाटतं.

आता कोणी म्हणेल, गावोगावी महिला भजनी मंडळं आहेत की. आहेत, आणि ती फार मोलाची आहेत. शेकडो बायांना घराबाहेर पडायचं एक निमित्त, चार मैत्रिणी, एकसारख्या साड्या, स्पर्धेची ओढ या मंडळांनी दिली. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धांत महिलांची पथकं ज्या तयारीने उतरतात ती पाहण्यासारखी असते. कोकणात, मुंबईच्या चाळींत बाया आता डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्यालाही, बसू लागल्या आहेत. ही मंडळं बंद व्हावीत असं मी कधीच म्हणणार नाही. पुरुषांना बायका चालत नाहीत म्हणून बायकांचं मंडळ निघालं, तर त्या मंडळाने पुरुषांना न घेणं आणि पुरुषांच्या मंडळाने बायकांना न घेणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. एकाकडे देऊळ, साहित्य, मान आणि सप्ताहाची रात्रीची वेळ आहे. दुसऱ्याकडे दुपारी दोन ते चार.

शिवाय महिला मंडळाच्या कार्यक्रमात एक गोष्ट वारंवार दिसते. गाणाऱ्या दहा-बारा बाया आणि बाजूला पखवाज किंवा तबला घेऊन बसलेला एक दादा, बऱ्याचदा पेटीवरही दुसरा दादा. ते मानधन घेतात, आणि घ्यावंच. त्यांना वेळ नसेल तर कार्यक्रम होत नाही. ते लय वाढवतील तशी बायांना वाढवावी लागते. वेगळं मंडळ काढूनही ताल पुरुषांच्याच हातात राहतो, कारण ताल शिकवणारी जागा त्या पुरुषांच्या मंडळातच आहे आणि तिथे मुलीला प्रवेश नाही. आळंदीत विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तेव्हापासून तिने महाराष्ट्राला कीर्तनकार आणि गायक-वादक किती दिले याची मोजदाद नाही. पण ती परंपरा मुलांच्या हातून मुलांच्या हाती गेली. गावातलं शिक्षणही त्याच वाटेने चाललं.

वाद्य बाईच्या हातात शोभत नाही, असं म्हणणाऱ्यांनी विदर्भात जावं. तुकडोजी महाराजांनी खंजिरी गावोगावी पोचवली आणि ग्रामगीतेत ‘महिलोन्नति’ हा अध्यायच लिहिला. तिथल्या खंजिरी भजनाच्या स्पर्धांत बाया खंजिरी घेऊन बसतात आणि अंगात भिनलेल्या ठेक्याने वाजवतात. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत शेकडो मुली कमरेला जड ढोल बांधून तासन्‌तास मिरवणुकीत वाजवतात. ताशा आणि पथकाचं प्रमुखपण अजून बहुतेक ठिकाणी मुलांकडेच आहे, हे खरं. पण एकदा दार उघडल्यावर मुली आल्या, आणि इतक्या आल्या की आज मुलींवाचून पथक ही कल्पनाच विचित्र वाटते. तबल्याचं स्वतंत्र वादन करणाऱ्या आबान मिस्त्री मुंबईतल्याच. शक्ती, बोटं, बैठक यांच्या सबबी तेव्हाच निकालात निघाल्या आहेत.

सभासदत्वाचा हा गुंता फक्त आपलाच नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा जगातला अतिशय मानाचा वाद्यवृंद. तो आपले निर्णय सभासदांच्या मतांनी घेतो. तिथे ॲना लेल्केस ही हार्पवादक वीस वर्षांहून अधिक काळ वाजवत होती, पण सभासद नव्हती. अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर निदर्शनांची चिन्हं दिसू लागली, देशातूनही दबाव वाढला, तेव्हा फेब्रुवारी १९९७ मध्ये मतदान होऊन तिला सभासद करून घेतलं गेलं. बाया आल्या तर आमचा खास नाद हरवेल, असं तिथलेही लोक म्हणत होते. तो नाद हरवला नाही. आपल्या देवळातही वाजवण्याची परवानगी आणि सभासदत्व यांत हेच अंतर आहे, आणि ते आपोआप मिटत नाही.

आता विरोधातले जे मुद्दे मला खरे वाटतात, त्यांच्याकडे येते. पहिला रात्रीचा. जागर रात्रभर चालतो, भजनाला दुसऱ्या गावी जीपमधून जावं लागतं, पहाटे परतायचं असतं. घरी म्हातारी माणसं, लहान मुलं, सकाळची धार. बाई कशी जाणार? ही अडचण खरी आहे, पण ती बाईची एकटीची नाही; त्या घराची आहे. पुरुष रात्रभर भजनाला जातो तेव्हा त्याची गुरं कोण बघतं, पोराला कोण झोपवतं, हे कधी विचारलं जात नाही, कारण त्याचं उत्तर घरात तयार असतं. आणि सभासद झालं म्हणजे प्रत्येक जागराला जायलाच हवं असं पुरुषांच्या मंडळातही नसतं. निम्मे सभासद एकादशीपुरतेच येतात.

दुसरा पट्टीचा. हा संगीताचा मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. बायांची पट्टी वेगळी, पुरुषांची वेगळी. एकाच स्वरात गायचं तर एक कोणीतरी ताणलं जातं किंवा दबतं, आणि मृदंगाची शाई एका स्वराला लावलेली असते. पण गाणाऱ्यांना यावरच्या वाटा ठाऊक आहेत. एका बाजूच्या मध्यमाला दुसऱ्याने षड्ज धरायचा, चरण एकाने आणि ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं, दोन मृदंग दोन स्वरांत लावायचे. शाळेच्या प्रार्थनेपासून सिनेमापर्यंत मुलगे-मुली एकत्र गातात. मंडळाला थोडी मेहनत पडेल, चाली पुन्हा बसवाव्या लागतील. कुठल्याही नव्या माणसाला घेताना ती पडतेच.

तिसरा मुद्दा ‘बाया स्वतःच येत नाहीत’ हा. तो मला मान्य नाही. ज्या दारावर कधी बोलावणं आलं नाही, त्या दाराशी कोणी आपणहून जात नाही. माझ्या आत्याने एकदा विचारलं होतं. किती जणींनी तेवढंही विचारलं नसेल.

आणि रूढीचा मुद्दा. पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ दलितांना बंद होतं, तीही रूढीच होती. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावले तेव्हा ती मोडली. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईने चढायचं नाही, ही रूढी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मोडली. देऊळ उघडायला सानेगुरुजी लागले आणि कोर्ट लागलं. वीणेसाठीही तसंच व्हावं अशी माझी इच्छा नाही. गावाने ते आपणहून करावं, त्यात गावाची शोभा आहे. पण आपणहून होत नसेल तर सरकारने बघत बसू नये.

कारण हा आता सार्वजनिक पैशाचाही प्रश्न झाला आहे. २०२४ च्या आषाढी वारीत राज्य सरकारने दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर १,८०० भजनी मंडळांना वाद्यं घेण्यासाठी प्रत्येकी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर झालं. ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदाही आपल्या निधीतून टाळ, मृदंग, पेटी असं भजनी साहित्य देतात. हा निधी गावातल्या बायांच्याही करातून आलेला असतो. ज्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना राखून ठेवल्या आहेत, तिथली सरपंच बाई ठरावावर सही करून पखवाज देते आणि त्या पखवाजाला हात लावायला तिला मंडळात जागा नसते, हे मला असह्य वाटतं.

माझी मागणी साधी आहे. ज्या मंडळाला सरकारचा किंवा पंचायतीचा पैसा हवा, त्याने सभासदांची यादी सादर करावी आणि सभासदत्व, वीणा, मृदंग, पहारा (सप्ताहात आळीपाळीने वीणा घेऊन उभं राहणं) यांपैकी काहीही बाई म्हणून नाकारलं जात नाही असं लिहून द्यावं. ज्यांना आपल्या घरात, आपल्या पैशांनी, आपल्या भावकीपुरतं भजन करायचं आहे त्यांना हा नियम लावू नये. नोंदणी केलेल्या मंडळांना तर घटना बदलण्याची गरजही सहसा पडणार नाही. धर्मादाय आयुक्तांकडे दिलेल्या बहुतेक घटनांत ‘१८ वर्षं पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती’ असंच लिहिलेलं असतं. बाईला अडवणारा नियम कागदावर नाहीच. तो पारावर ठरलेला आहे.

मृदंगाचं मात्र एका वर्षात होणार नाही. चाळिशीतल्या बाईच्या हातात एकदम पखवाज देऊन सप्ताहात वाजव म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि भजनावरही. ज्या वयात मुलगा देवळात बसून धा-तिट-धा घोकतो, त्याच वयात मुलगी शेजारी बसली पाहिजे. म्हणून अनुदानातून घेतलेल्या मृदंगाबरोबर मुला-मुलींचा एकत्र वर्ग ही दुसरी अट हवी. शिकवणाऱ्या बुवांना त्याचं मानधन मिळावं. तोवर वीणेचा पहारा, अभंग लावणं, चाल सांगणं, हिशेब ठेवणं यांसाठी आजच तयार असलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत.

सप्ताहाच्या तयारीची बैठक बहुतेक गावांत महिनाभर आधी देवळात होते. वर्गणी ठरते, कीर्तनकार ठरतात, कामं वाटली जातात. बायांनी या वेळी त्या बैठकीला जाऊन बसावं, आणि सभासदत्वाचे अर्ज आपल्या नावाने, सही करून द्यावेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावं. तोंडी कारणं आजवर पुष्कळ ऐकली. ‘बाई आहे म्हणून’ असं कागदावर लिहून त्याखाली सही करायला गावातले किती जण तयार होतात, ते तरी कळेल.